पंचेचाळिशी ओलांडलेल्यांची शाळा : आमची वाटचाल

हिंगणा एमआयडीसीच्या रस्त्यालगत एका दुमजली इमारतीत आमची प्रशिक्षण संस्था चालते. खाली दोन जुने लेथ (धातूचा तुकडा फिरवून त्याला आकार देणारी यंत्रे), एक सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने चालणारा लेथ आणि मोजमापाचे टेबल आहे. वरच्या मजल्यावर वर्गखोल्या आहेत. येथे येणारे बहुतेक विद्यार्थी चाळिशी-पन्नाशीतले आहेत. त्यांत वर्षानुवर्षे एकाच यंत्रावर उभे राहिलेले टर्नर (लेथवर काम करणारे), फिटर (सुटे भाग जुळवणारे) आणि वेल्डर आहेत, तशाच धंतोली आणि रामदासपेठेतील रुग्णालयांत सफाईचे व देखरेखीचे काम करणाऱ्या महिलाही आहेत. पहिली नोकरी शोधणाऱ्या तरुणांसाठी नागपुरात आयटीआय आहेत, खासगी क्लास आहेत, सरकारी योजनांची केंद्रे आहेत. पण नोकरीत असतानाच ज्यांच्या कामाचे स्वरूप बदलून गेले, त्यांनी कोठे जावे, या प्रश्नातून आमचा व्यवसाय उभा राहिला.

या शहराने हा प्रश्न पूर्वीही पाहिलेला आहे. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेल्या एम्प्रेस मिलने आणि तिच्या पाठोपाठ आलेल्या मॉडेल मिलने नागपुरातील कित्येक पिढ्यांची घरे चालवली. या मिल बंद पडल्या तेव्हा पन्नाशीला आलेल्या कामगारांपैकी कोणी रिक्षा ओढली, कोणी इमारतींच्या फाटकावर पहारा करू लागले. सुताचा ताण नुसत्या बोटाने ओळखणाऱ्या माणसाचे हे कसब दुसऱ्या कोणत्या कामाला लावता येईल, हे त्याच्याजवळ बसून पाहणारे कोणी नव्हते. मी त्या वस्त्यांमध्ये वाढलो, पुढे एका खासगी आयटीआयमध्ये शिल्प निदेशक, म्हणजे कारागिरी शिकवणारा शिक्षक झालो, आणि अठरा-वीस वर्षांच्या मुलांना शिकवत असताना त्यांच्या वडिलांचा विचार सतत मनात येत राहिला.

संस्था सुरू करताना माझ्या सहकारी बाईंनी, ज्या अनेक वर्षे रात्रशाळेत गणित शिकवत होत्या, एक अट घातली होती. वर्ग भरण्याआधी प्रत्येकाचे डोळे तपासून घ्यायचे, आणि ज्यांना चाळिशी लागली आहे त्यांना चष्मा मिळेपर्यंत ड्रॉइंग (बनवायच्या वस्तूचे मापांसह रेखाचित्र) हातात द्यायचे नाही. तेव्हा हा खर्च मला मोठा वाटला होता, परंतु आज संस्थेतला सर्वांत उपयोगी खर्च कोणता, असे कोणी विचारले तर मी हाच सांगेन. बारीक अक्षर दिसत नाही, हे चारचौघांत सांगण्यापेक्षा "मला नाही समजत हे" असे म्हणून मागे सरणारी माणसे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. मोठ्या अक्षरांतली ड्रॉइंग, टेबलावर स्वतंत्र दिवा, आणि नाईट शिफ्ट करून आलेल्याला सकाळच्या वर्गाची सक्ती न करणे, एवढ्याने वर्गातली अर्धी भीती जाते.

शिकवण्याची पद्धत मात्र यंत्राजवळ उभे राहूनच ठरत गेली. आमच्याकडे आलेले एक टर्नरकाका हाताच्या लेथवर अत्यंत तरबेज होते; कंपनीने सीएनसी आणल्यावर त्यांना हेल्परचे काम देण्यात आले होते. वर्गात २५ मिलिमीटर व्यासाचा एक जॉब (यंत्रावर घडवायचा तुकडा) चालू असताना ते अचानक म्हणाले, "धार गेली जी टूलची, आवाज ऐका ना." मायक्रोमीटर लावला, तर माप २५.०६ आले. पडद्यावरचा आकडा न पाहता, केवळ आवाजावरून आणि निळसर पडणाऱ्या चिपवरून, म्हणजे धातूच्या कात्रणावरून त्यांनी हे ओळखले होते, आणि शेजारी उभ्या असलेल्या डिप्लोमाधारक मुलाला ते कळले नव्हते. पुढची पायरी मात्र त्यांना जमेना. वेअर ऑफसेटच्या, म्हणजे टूलच्या झिजेची दुरुस्ती भरण्याच्या चौकटीत एक्स अक्षासमोर उणे ०.०६ भरायचे होते, आणि काका ०.०३ भरू पाहत होते. त्यांचा हिशेब हाताच्या लेथवरचा होता. तेथे व्यास सहा शतांशाने कमी करायचा असेल तर टूल तीन शतांशच आत घ्यावे लागते, कारण फिरणाऱ्या जॉबची कड सर्व बाजूंनी सारखीच उतरते. सीएनसी लेथवर बहुधा व्यासाचाच आकडा भरतात आणि निम्मे करण्याचे काम यंत्राचा नियंत्रक स्वतः करतो. म्हणजे काकांच्या चुकीमागे पक्के ज्ञान होते. ते ज्ञान आधी मान्य करून "निम्मे आता यंत्र करते" एवढेच सांगितल्यावर त्यांनी तो आकडा पुन्हा कधी चुकवला नाही. त्यांना पहिल्या धड्यापासून भूमिती शिकवली असती, तर त्यांचे आठवडाभरात येणे बंद झाले असते, याबद्दल मला शंका नाही.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्स यांनी प्रौढांच्या शिक्षणाबद्दल हेच मांडले आहे. प्रौढ माणूस अनुभवाचा साठा घेऊन वर्गात येतो, शिकलेले लगेच कोठे वापरायचे हे त्याला आधी कळावे लागते, आणि आपल्याला लहान मुलासारखे वागवले जात आहे असे वाटले की त्याचे मन मिटते. आमच्याकडे यातून एक साधा नियम झाला. पहिल्या दिवशी शिकवणारा बोलत नाही. शिकायला आलेला माणूस आपले काम करून दाखवतो आणि आम्ही टिपून घेतो. फिटरची मापे अजून सुतात चालतात. आठ सुतांचा एक इंच, म्हणजे एक सूत सव्वातीन मिलिमीटरपेक्षा किंचित कमी. त्यांचे दशांश अपूर्णांक आम्ही तेथूनच सुरू करतो.

रुग्णालयांतील महिलांच्या वर्गात वेगळ्या अडचणी होत्या. त्यांतील एक ताई सुपरवायझर होण्यास सर्वार्थाने लायक होत्या, परंतु नोंदवही लिहावी लागते म्हणून त्या दोनदा मागे सरल्या होत्या. "मॅडम, हात चालते जी, पेन नाही चालत," असे त्यांनी बाईंना सांगितले. त्यांना जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम तोंडपाठ होते. कोणता कचरा पिवळ्या पिशवीत, कोणता लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात आणि काच निळ्यात, हे त्या झोपेतही सांगू शकल्या असत्या. पाच टक्के हायपोक्लोराइट या जंतुनाशकापासून एक टक्का द्रावण करताना एका मापाला पाणी चार माप लागते, पाच नव्हे. ही गोष्ट त्यांना भाताच्या पाण्यासारखी चटकन समजली, आणि मग तेच त्यांनी तक्त्यात लिहून दाखवले. अक्षर वळणदार होण्याची वाट न पाहता आम्ही त्यांना त्यांच्याच वॉर्डाच्या नोंदवहीचे रकाने भरायला शिकवले. आज त्या पाळीच्या प्रमुख आहेत आणि नव्या मुलींना तेच रकाने समजावतात.

प्रमाणपत्राचा प्रश्न आम्ही हलका मानत नाही, कारण पन्नाशीच्या माणसाला कंपनी बदलावी लागली तर कागद नसल्यामुळे त्याचा पगार नवशिक्याचा ठरतो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आरपीएल, म्हणजे आधी कमावलेल्या कौशल्याची तपासणी करून त्याला मान्यता देण्याची सोय आहे. योजनेच्या चौथ्या टप्प्यात अल्पमुदतीच्या प्रशिक्षणासाठी वयोमर्यादा १५ ते ४५ ठेवली असताना आरपीएलसाठी ती १८ ते ५९ आहे, त्यामुळे आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांना हाच दरवाजा उघडा असतो. माझ्या मते प्रशिक्षणाचीही मर्यादा वाढवायला हवी. ४६ व्या वर्षी टर्नरची उमेद संपत नाही. ज्यांची दहावी राहून गेली आहे त्यांना आम्ही राज्य मंडळाचा १७ नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा अर्ज किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा सुचवतो. मुक्त विद्यालयात पाच वर्षांच्या मुदतीत विषय सुटे सुटे देता येतात आणि ओव्हरटाइम असणाऱ्याला ते झेपते. त्यापुढे नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा मार्ग आहे.

व्यवसाय म्हणून हे काम सोपे नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. कामगाराकडून आम्ही नाममात्र शुल्क घेतो. खरा खर्च कंपन्यांनी उचलावा अशी आमची रचना आहे. कारखानदारांची पहिली हरकत ठरलेली असते: शिकवले की माणूस सोडून जातो. तरुणांबाबत तीत तथ्य असेलही, परंतु वानाडोंगरीत घर बांधलेला, मुले शाळेत असलेला माणूस हजार-दोन हजारांसाठी पुण्याला जात नाही, हे समजावून सांगण्यात आमचा बराच वेळ जातो. दुसरी अडचण पैसे वेळेवर मिळण्याची. लघुउद्योगांना द्यायची रक्कम ४५ दिवसांत चुकती करावी असे २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा सांगतो, तरीही एका मोठ्या ग्राहकाने आमचे बिल इतके लांबवले की त्या वर्षी शिक्षकांचे पगार आम्हाला कर्ज काढून द्यावे लागले. तेव्हापासून अर्धी रक्कम आधी घेतल्याशिवाय आम्ही तुकडी सुरू करत नाही, आणि हा नियम लहान-मोठ्या सर्वांना सारखाच आहे.

सध्या दोन गोष्टींवर काम चालू आहे. निवृत्तीला आलेल्या निवडक कारागिरांना शिक्षक म्हणून तयार करण्याची पहिली तुकडी सुरू झाली असून वर उल्लेख केलेले टर्नरकाका तीत आहेत. धडा कसा आखावा आणि शिकणाऱ्याला बोलते कसे करावे, हे ते शिकत आहेत. दुसरे म्हणजे, प्रशिक्षणाचे तास ड्यूटीतच धरावेत, असा करार आम्ही प्रत्येक कंपनीपुढे ठेवतो. दोन शिफ्टच्या मधली ती वेळ पगारी मानण्यास हिंगण्यातील काही लहान कारखाने तयार झाले आहेत, बुटीबोरीत बोलणी सुरू आहेत, आणि जेथे हे मान्य झाले तेथे वर्गातली हजेरी लगेच सुधारली आहे.