तुम्ही विचारलंत म्हणून: गोरिला बघायला जाताना तयारी कसली करायची?

युगांडा-रवांडाचा विषय निघाला की प्रश्न ठरलेला असतो: "आम्ही पन्नाशीतले. अधूनमधून सिंहगड चढतो. गोरिला बघायला जमेल का, आणि तयारी काय करू?" विचारणाऱ्याच्या मनात बूट, गुडघे आणि दम असतो. माझं उत्तर मात्र नाक-घशापासून सुरू होतं.

डोंगरातले गोरिला जगात दोनच ठिकाणी उरलेत. एक विरुंगा ज्वालामुखींची रांग, जी रवांडा, युगांडा आणि कांगो अशा तीन देशांत पसरली आहे. दुसरं तिच्या उत्तरेला असलेलं युगांडातलं ब्विंडीचं जंगल. विरुंगाची 2015-16 मधली आणि ब्विंडीची 2018 मधली गणना मिळून आकडा आला 1,063. प्राणिसंग्रहालयांत दिसतात ते सखल प्रदेशातले गोरिला. ही डोंगरी जात कुठल्याच प्राणिसंग्रहालयात नाही. माणसाशी त्यांचं नातं इतकं जवळचं आहे की आपली सर्दी त्यांना लागते, पण तिच्याशी झगडण्याची सवय त्यांच्या शरीराला नसते. 2009 मध्ये रवांडातल्या 'हिर्वा' नावाच्या गोरिलांच्या गटात श्वसनाची साथ आली. गटातले जवळजवळ सगळे आजारी पडले, एक मादी आणि एक पिल्लू दगावलं. त्यांच्यात सापडला तो माणसांत नेहमी फिरणारा विषाणू होता. आपल्याकडे त्याच्यामुळे दोन दिवस नाक वाहतं आणि आपण ऑफिसला जातो.

म्हणून निघण्याआधीचे दहा दिवस सगळ्यात महत्त्वाचे. गर्दीची लग्नं टाळा, विमानात आणि विमानतळावर मास्क लावा, हात धूत राहा. गोरिलाचा दिवस उतरल्या उतरल्या दुसऱ्या दिवशी ठेवू नका. विमानात काही लागलंच असेल तर ते दिसायला तीन-चार दिवस जावे लागतात. सकाळी घसा खवखवला, जुलाब झाले, ताप वाटला तर गाइडला सांगायचं. गोळी घेऊन ताप दाबायचा आणि रांगेत उभं राहायचं, हे मला माफ करण्यासारखं वाटत नाही. आजारी पडल्यास पैसे किती परत मिळतात, याचे नियम परमिट काढण्याआधीच एजंटाकडून लेखी घ्या. ते हातात असले की त्या सकाळी खरं बोलणं सोपं जातं.

आता परमिट. युगांडात परदेशी पर्यटकाला जुलै 2024 पासून 800 डॉलर पडतात, रवांडात 2017 पासून 1,500. वयाची अट दोन्हीकडे किमान 15 वर्षं. एका गटाला दिवसात एकदाच आणि जास्तीत जास्त आठ पर्यटक भेटतात, तेही एकच तास. त्यामुळे जागा मोजक्या असतात. जून ते ऑगस्ट आणि डिसेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या महिन्यांसाठी चार-सहा महिने आधी परमिट घ्यावं. कांगोची बाजू सध्या विचारातही घेऊ नका: जानेवारी 2025 मध्ये विरुंगाजवळचं गोमा शहर एम23 बंडखोरांच्या हाती गेलं.

युगांडाचं परमिट तारखेचं असतं तसंच विभागाचंही असतं, आणि घोळ नेमका इथे होतो. ब्विंडीचे चार विभाग आहेत: बुहोमा, रुहिजा, रुशागा, न्कुरिंगो. नकाशावर ते शेजारी दिसतात, पण बुहोमाहून रुशागाला गाडीने जायला तीन-चार तास लागतात, कारण रस्ता डोंगराला वळसा घालत जातो. परमिट रुशागाचं आणि लॉज बुहोमात, असं बुकिंग झालं तर पहाटे तीनला निघावं लागतं. म्हणून आधी परमिट, मग त्याच विभागात लॉज. गुडघ्यांची काळजी असेल तर बुहोमा घ्या, ते चौघांत खाली आहे. न्कुरिंगोला सुरुवातच उताराने होते आणि परतीची चढण अगदी शेवटी, थकलेल्या पायांच्या वाट्याला येते. रुहिजा उंचावर आहे, थंडी जास्त. रुशागात माणसाळलेले गट सर्वाधिक, त्यामुळे परमिट मिळण्याची शक्यताही जास्त. परमिटवरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे, आणि त्या सकाळी मूळ पासपोर्ट जवळ लागतो.

रवांडात सगळे सकाळी किनिगी इथल्या उद्यानाच्या मुख्यालयात जमतात आणि गटवाटप तिथेच होतं. तुमच्या ड्रायव्हरने आधीच "जवळचा गट द्या" असं सांगून ठेवलं तर बऱ्याचदा ऐकतात. मात्र तिथून पायथ्यापर्यंत जायला गाडी तुमची हवी, आणि ती फोर-व्हील ड्राइव्ह हवी. आणखी एक: रवांडात प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. आपली प्रत्येक चिवड्याची पुडी आणि चपलांची जोडी प्लास्टिकमध्ये गुंडाळायची सवय घरीच मोडा, कापडी पिशव्या वापरा.

क्रम असा ठेवा: परमिट, मग पीतज्वराची लस, मग व्हिसा. युगांडाच्या ई-व्हिसाच्या अर्जाला लसीचं पिवळं कार्ड जोडावं लागतं. लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, त्यांचे वार ठरलेले असतात. घेतल्यापासून दहा दिवसांनी कार्ड वैध होतं, आणि एकदा घेतलेली लस आता आयुष्यभर चालते. ही जिवंत विषाणूची लस आहे. अंड्याची ॲलर्जी असेल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील किंवा वय साठच्या पुढे असेल तर आधी डॉक्टरांशी सविस्तर बोला. काहींना लसीनंतर थोडा ताप येतो, म्हणून ती किमान महिनाभर आधी उरकावी. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्याही डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. जंगल उंचावर असलं तरी युगांडात विमान उतरतं त्या एंटेबेला, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, डास भरपूर असतात. डॉक्सीसायक्लिन दिली तर ऊन पटकन भाजतं, टोपी आणि सनस्क्रीन विसरू नका.

मुंबईहून एंटेबेला युगांडा एअरलाइन्सचं थेट विमान ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झालं. तिथून ब्विंडीला रस्त्याने आठ ते दहा तास लागतात. ते एका दिवसात करता येतात, पण दुसऱ्याच सकाळी ट्रेक असेल तर करू नयेत. रुशागा किंवा न्कुरिंगो ठरलं असेल तर रवांडाची राजधानी किगालीला उतरून सीमा ओलांडणं जवळचं पडतं, चार-पाच तासांत पोचता. युगांडा, रवांडा आणि केनियासाठी एकत्र पूर्व आफ्रिका पर्यटक व्हिसा मिळतो, तो अशा वेळी सोयीचा. डॉलर नवे आणि स्वच्छ घ्या. 2009 च्या आधीच्या छपाईच्या नोटा तिथे सहसा कुणी घेत नाही, फाटकी किंवा पेनाने खूण केलेलीही परत येते. शंभराच्या नोटेला दर चांगला मिळतो, पण बक्षिसी द्यायला पाच-दहाच्या नोटाही लागतात.

आता पायांकडे येऊ. आतकरवाडीकडून सिंहगड दोन-तीनदा थांबत दीड तासात चढत असाल आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागत नसेल, तर तुमच्याकडे दम पुरेसा आहे. वेगळी आहे ती जमीन. सह्याद्रीत पायाखाली कातळ असतो, मळलेली वाट असते. ब्विंडीत बऱ्याच वेळा वाट नसतेच. रेंजर कोयत्याने वेली तोडत पुढे जातो आणि आपण तोडलेल्या वेलींच्या गादीवरून चालतो. खाली माती आहे समजून पाऊल टाकावं तर ते गुडघ्यापर्यंत आत जातं. शिवाय उतार तिरका कापावा लागतो, त्यामुळे घोट्यांवर सतत एका बाजूने ताण येतो.

त्यासाठी आठ आठवडे द्या. आठवड्यातून तीनदा पाऊण तास भरभर चालणं, दोनदा पाठीवर चार-पाच किलो घेऊन इमारतीचे जिने. चढताना घाई चालेल, उतरताना मुद्दाम सावकाश उतरा. उतारावर शरीर रोखून धरतात ते मांडीचे पुढचे स्नायू, आणि तेच तयार नसले की गुडघा बोलायला लागतो. एका पायरीवर उभं राहून दुसरं पाऊल हळूहळू खाली टेकवायचं आणि वर घ्यायचं, दोन्ही पायांनी पंधरा-पंधरा वेळा, रोज. रविवारी डोंगर. पावसाळ्यात निसरड्या गवताळ उतारावर चाललात तर ब्विंडीच्या सगळ्यात जवळचा सराव होईल. रवांडातल्या ज्वालामुखींवर उंची अडीच हजार मीटरच्या पुढे जाते, तिथे श्वास लवकर लागतो. वेग कमी ठेवला की निभतं.

बूट घोट्याच्या वर येणारे, खोल खाचांचे आणि किमान शंभर किलोमीटर वापरलेले असावेत. कपाटात तीन-चार वर्षं पडून राहिलेले बूट नेऊ नका. तळव्याचा डिंक आतल्या आत निकामी झालेला असतो आणि पहिल्याच चिखलात तळ सुटतो. पँट जाड पण चटकन वाळणारी घ्या, तिचे पाय मोज्यांत खोचून वर गेटर (पोटरीवरचं जाड आवरण) चढवा. याचं कारण सियाफू मुंग्या: त्या रांगेने वाट ओलांडत असतात आणि एकदा कपड्यात शिरल्या की जंगलातच कपडे उतरवावे लागतात. बागकामाचे जाड हातमोजे हवेतच. तोल गेला की हात आपोआप जे दिसेल ते धरतो, आणि ते अंगाची आग करणाऱ्या पाल्याचं झुडूप असू शकतं. विरुंगाच्या बाजूला ते फार. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पाऊस खरोखर अडवणारं जॅकेट, दोन लिटर पाणी, दोन मास्क. कोरड्या महिन्यांतही पाऊस येतो. डबा लॉजवाले देतात, पण शाकाहारी असाल तर आदल्या रात्रीच सांगा, नाहीतर सकाळी सँडविचमध्ये कोंबडी निघते. सोबत चिक्की किंवा खजूर असू द्या.

पोर्टर जरूर घ्या, सामान नसलं तरी घ्या. साधारण वीस डॉलर लागतात. तो पिशवी तर उचलतोच, शिवाय चढावर हात देऊन ओढतो आणि घसरलात तर मागून धरतो. ही जंगलाच्या कडेच्या गावांतली माणसं आहेत, पाळीपाळीने काम मिळतं. रानटी जनावरं ज्यांच्या शेतात शिरतात त्यांना जंगलाचा पैसा थेट पोचण्याचा हा सगळ्यात सरळ मार्ग आहे. पाय अगदीच साथ देत नसतील तर माणसांनी वाहून नेण्याची खुर्चीही मिळते. ती बरीच महाग आहे आणि आदल्या दिवशी सांगावी लागते, पण सत्तरीतल्या आईवडिलांना नेणाऱ्यांनी तिचा विचार नक्की करावा.

सकाळी साडेसातच्या आसपास नोंदणी आणि सूचना होतात. तोवर ट्रॅकर जंगलात पोचलेले असतात. गोरिला रोज रात्री नवं घरटं करतात. ट्रॅकर कालच्या जागेवरून माग काढत रात्रीची घरटी गाठतात, तिथून गट शोधतात आणि वायरलेसवर कळवतात. म्हणून गट सापडण्याची खात्री जवळजवळ पूर्ण असते, पण अर्धा तास लागेल की पाच तास, हे गोरिला कुठे चरायला गेले त्यावर ठरतं. सोबतचे बंदूकधारी रेंजर रानहत्ती आणि रेड्यांसाठी असतात, हवेत बार काढून त्यांना पळवायला.

गट जवळ आला की काठ्या, पिशव्या, खाणं पोर्टरांजवळ ठेवायचं आणि मास्क चढवायचा. तास तिथून पुढे मोजतात. अंतर दहा मीटर. पिल्लं आणि तरुण नर कुतूहलाने स्वतःच जवळ येतात, तेव्हा हळूहळू मागे सरायचं. रुपेरी पाठीचा म्होरक्या नर कधी झाडोरा मोडत अंगावर आल्यासारखा धावतो. बहुतेक वेळा तो नुसता इशारा असतो. अशा वेळी पळायचं नाही. खाली बसायचं, नजर जमिनीकडे, गाइडच्या मागे. शिंक आली तर मास्क न काढता तोंड फिरवून कोपरात.

फोटोंचं थोडक्यात. काळी लव आणि दाट सावली पाहून कॅमेरा फसतो आणि चित्र फिकट करतो, म्हणून एक्स्पोजर एक पायरी कमी ठेवा. आयएसओ 1600 ते 6400, लेन्स 70-200 पुरेशी. फ्लॅश बंद, आणि फोकससाठी लागणारा छोटा दिवाही बंद. तो लोक विसरतात. पावसात लेन्स बदलायला जाऊ नका.

परतताना पिवळं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा. युगांडाहून येणाऱ्यांना ते भारतात उतरल्यावर दाखवावं लागतं, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्या घरी आल्यावरही चालू ठेवायच्या: ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर सात दिवस, डॉक्सीसायक्लिन असेल तर चार आठवडे. आणि पुढच्या तीन महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की आम्ही युगांडाला जाऊन आलो आहोत, रक्त त्याच दिवशी तपासा.