आमची वाटचाल : नव्या माणसाचं पहिलं लॉगिन

ऑफिसात नवा माणूस रुजू होतो, त्याला मशीन मिळतं, तो नाव-पासवर्ड टाकतो. मग टास्कबारवर काय दिसतं, पीडीएफ कशात उघडते, ब्राउझर कुठलं पान दाखवतो आणि हे सगळं समोर यायला किती वेळ लागतो, याला आम्ही ऑफिसात ‘पहिलं लॉगिन’ म्हणतो. आमच्या छोट्याशा फर्मचं पोट बऱ्याच अंशी या पहिल्या लॉगिनवर चालतं. ओळख करून देताना मात्र ‘आयटी सपोर्ट’ एवढंच सांगतो. खरं काम समजावून सांगायला गेलं की समोरचा घड्याळाकडे बघू लागतो.

सुरुवात विंडोज एक्सपीच्या काळातली. मशीन विकणं, जोडून देणं, बिघडलं की दुरुस्त करणं, असा साधा व्यवहार होता. एखाद्या ऑफिसची एकदम खूप मशीन आली की एकावर विंडोज आणि सगळे प्रोग्रॅम टाकायचे, त्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, काढायची आणि बाकीच्यांवर उतरवायची. हे तेव्हा सगळेच करत. फरक पडायचा तो त्यानंतर. इमेज उतरली, मशीन सुरू झालं, पण नव्या माणसाने स्वतःच्या नावाने लॉगिन केलं की त्याच्यापुढे पुन्हा तेच कोरं विंडोज. प्रिंटर नाही, फॉन्टचा आकार जुनाच, शॉर्टकट गायब. मग प्रत्येकाच्या खुर्चीत बसून तीच क्लिक पुन्हा पुन्हा. या फेऱ्यांचे पैसे कोणी वेगळे देत नसे, आणि मागणंही बरं दिसत नसे.

त्यामागचं तंत्र फार गूढ नाही. विंडोजमध्ये प्रत्येकाच्या फाइली आणि सेटिंग ठेवणारा फोल्डर म्हणजे प्रोफाइल, आणि ‘डिफॉल्ट’ नावाचा एक नमुन्याचा प्रोफाइल असतो. एक्सपीत तो ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’च्या आत ‘डिफॉल्ट यूजर’ या नावाने असे, व्हिस्टापासून ‘यूजर्स’ फोल्डरमध्ये ‘डिफॉल्ट’ म्हणून असतो. तो लपवलेला असल्यामुळे बहुतेकांना दिसतच नाही. कोणी पहिल्यांदा लॉगिन केलं की हाच फोल्डर त्याच्या नावाने कॉपी होतो. त्यातली एनटीयूजर डॉट डॅट ही फाइल त्या माणसाची रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगचा साठा) म्हणून, म्हणजे एचकेसीयू या तिच्या त्याच्यापुरत्या भागात, लोड होते. लिनक्सवाल्यांकडे याच कामासाठी ‘ईटीसी’खाली ‘स्केल’ नावाचा फोल्डर असतो, पण त्यात साध्या टेक्स्ट फाइली, त्यामुळे त्यांची झोप जास्त चांगली लागते. आपल्याकडे ही बायनरी, म्हणजे साध्या एडिटरमध्ये न वाचता येणारी, रजिस्ट्रीची फाइल, जिला ‘हायव्ह’ म्हणतात, आणि सगळ्या कटकटीचं मूळ तिच्यात.

एक्सपीत रस्ता सोपा होता. एक खातं हवं तसं सजवायचं, सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये यूजर प्रोफाइल्स उघडायचं, ‘कॉपी टू’ बटण दाबून डिफॉल्ट यूजरवर ओतायचं, परवानगीत ‘एव्हरीवन’ द्यायचं. काम झालं. पण २००९ मध्ये विंडोज ७ आलं आणि ते बटण डिफॉल्ट प्रोफाइल सोडून बाकी सगळ्यांसाठी राखाडी झालं. लगेच ते बटण पुन्हा जिवंत करणाऱ्या छोट्या युटिलिटी फिरू लागल्या. गिऱ्हाईकं त्या पेन ड्राइव्हवर आणून आमच्या हातात ठेवत. आम्ही वापरल्या नाहीत. बटण बंद होण्यामागे कारण आहे, असं आमचं तेव्हाही मत होतं. खात्याच्या हायव्हमध्ये त्याच्या एसआयडीच्या (खात्याच्या अंतर्गत ओळख-क्रमांकाच्या) नावाने दिलेल्या परवानग्या असतात, जागोजागी त्याच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, आणि हे सगळं नव्या माणसाच्या गळ्यात आंधळेपणाने बांधलं की पुढे ‘यूजर प्रोफाइल सर्व्हिसला लॉगिन करता आलं नाही’ हा संदेश ठरलेलाच.

मायक्रोसॉफ्टने दाखवलेला रस्ता होता कॉपीप्रोफाइलचा, म्हणजे सजवलेलं खातं विंडोजकडूनच डिफॉल्टवर कॉपी करून घेण्याचा. विंडोज बसलं की खातं बनवायला सांगणाऱ्या पडद्यावर कंट्रोल-शिफ्ट-एफ३ दाबायचं. मशीन ऑडिट मोड या तयारीच्या अवस्थेत जातं आणि आपण अंगभूत अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून आत येतो. प्रोग्रॅम टाकायचे, सेटिंग करायची. मग अनअटेंड फाइलीत (सेटअपच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवलेली फाइल) स्पेशलाइझ टप्प्याखाली कॉपीप्रोफाइलची किंमत ‘ट्रू’ ठेवून सिसप्रेप, म्हणजे मशीनची स्वतःची ओळख पुसून ते इमेजसाठी तयार करणारा प्रोग्रॅम, जनरलाइझ करून चालवायचा. नवख्या पोरांचा इथे हमखास गोंधळ होतो. सिसप्रेप संपल्यावर ती डिफॉल्ट फोल्डर उघडून बघतात आणि काहीच बदललं नाही म्हणून पुन्हा सगळं करायला बसतात. कॉपी सिसप्रेपच्या वेळी होतच नाही, ती पुढच्या बूटला स्पेशलाइझ चालतो तेव्हा होते. झाली की नाही ते पँथर फोल्डरातल्या सेटअपअॅक्ट लॉगमध्ये कळतं. अॅडमिनिस्ट्रेटरच्या फोल्डरातून प्रोफाइल कॉपी यशस्वी झाली, अशी ओळ तिथे शोधायची. ती ओळ दिसल्याशिवाय इमेज पुढे द्यायची नाही, हा आमच्याकडचा बहुधा सर्वांत जुना नियम.

याच टप्प्यावर आम्हाला गिऱ्हाईक म्हणून एक प्रशिक्षण केंद्र मिळालं. मशीन सामायिक, दर बॅचला नवी मुलं, म्हणजे प्रत्येक मशीनवर पहिलं लॉगिन रोजचंच. इमेज आधीच्या कंत्राटदाराने बनवलेली. तक्रार अशी की तासाची सुरुवात ‘तुमचा डेस्कटॉप तयार होत आहे’ हे बघण्यात जाते. पहिल्या दिवशी आम्ही फक्त डिफॉल्ट फोल्डर उघडला. त्यातल्या अॅपडेटा फोल्डरच्या ‘लोकल’ भागात ब्राउझरची सगळी कॅश, मेलच्या प्रोग्रॅमची भली मोठी ऑफलाइन फाइल, डेस्कटॉपवर विसरलेले इन्स्टॉलर. इमेज बनवणाऱ्याने त्याच खात्यातून इंटरनेट वापरलं होतं, मेल बघितली होती, आणि ते सगळं आता प्रत्येक मुलाच्या नावाने नव्याने कॉपी होत होतं. भाड्याच्या घरात आधीच्या भाडेकरूचं सामान तसंच राहावं आणि दर नव्या भाडेकरूबरोबर त्याची आणखी एक प्रत यावी, तसा प्रकार.

त्याहून मजेशीर गोष्ट दुसरीच होती. मुलाने ब्राउझरमधून काही उतरवायला घेतलं की परवानगी नाकारल्याचा संदेश येई. मुलं शिक्षकांना विचारत, शिक्षक फायरवॉलला दोष देत. प्रत्यक्षात ब्राउझरच्या प्रेफरन्सेस फाइलीत डाउनलोडचा पत्ता अॅडमिनिस्ट्रेटरच्या फोल्डराचा होता. म्हणजे प्रत्येक मुलाचा ब्राउझर इमानेइतबारे दुसऱ्याच्या घरात फाइल ठेवायला जात होता. आम्ही लोकल साफ केलं, ब्राउझरचं प्रोफाइल पूर्ण काढून टाकलं आणि मुखपृष्ठ वगैरे गोष्टी ब्राउझरच्या पॉलिसीतून दिल्या. केंद्राने पुढच्या वर्षीचं कंत्राट न विचारता पाठवलं.

तिथून आमचा दृष्टिकोन फिरला. तोपर्यंत गिऱ्हाईक म्हणे, ‘साहेबांच्या मशीनसारखं सगळ्यांना करून द्या,’ आणि आम्ही साहेबांच्या मशीनकडे बघून इमेज सजवत असू. आता आम्ही काम घेण्याआधी एक यादी भरून घेतो. प्रत्येक सेटिंगपुढे तीन रकाने : सक्तीचं, सुरुवातीला असं पण माणसाला बदलता येईल, आणि हात लावायचा नाही. पहिला रकाना ग्रुप पॉलिसीचा (ऑफिसच्या सगळ्या मशीनवर एकाच जागेहून लादलेले नियम), तो इमेजमध्ये येतच नाही. तिसरा विंडोजवर सोडायचा. डिफॉल्ट प्रोफाइलचा खरा अधिकार फक्त मधल्या रकान्यावर, आणि यादी नीट भरली की मधल्या रकान्यात आश्चर्य वाटावं इतकं थोडं उरतं. ही यादी भरताना गिऱ्हाइकाच्या ऑफिसात भांडणं होतात. वॉलपेपर सक्तीचा की ऐच्छिक, यावर एका ठिकाणी दोन विभागप्रमुख आमच्यासमोरच अडून बसले होते. पण ते भांडण इमेज उतरल्यावर होण्यापेक्षा आधी झालेलं परवडतं. खरं सांगायचं तर हल्ली आम्ही विकतो ती ही यादीच, इमेज तिच्यामागून येते.

मधल्या रकान्यातल्या गोष्टींसाठीही आता अॅडमिनिस्ट्रेटरचं खातं सजवत बसत नाही. डिफॉल्टची हायव्ह ‘रेग लोड’ या कमांडने तात्पुरत्या नावाखाली चढवायची, हव्या त्या मोजक्या किमती लिहायच्या, ‘रेग अनलोड’ने उतरवायची. काय बदललं ते स्क्रिप्टमध्ये ओळीओळीने दिसतं. वर्षभराने कोणी विचारलं तरी उत्तर देता येतं. उतरवण्याच्या पायरीवर मात्र लक्ष हवं. पॉवरशेलने (विंडोजच्या स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) त्या हायव्हमध्ये काही वाचलं-लिहिलं असेल तर तो तिला पकडून बसतो आणि अनलोड ‘प्रवेश नाकारला’ म्हणतं. आधी त्याला गार्बेज कलेक्शन, म्हणजे न लागणाऱ्या गोष्टी सोडून देणं, करायला लावायचं, मग अनलोड. रेजएडिट या रजिस्ट्री बघायच्या प्रोग्रॅमची खिडकी त्या कीवर उघडी असेल तरी तेच. हायव्ह चढलेली राहिली तर फाइल अडकून पडते आणि त्या मशीनवर नवा माणूस लॉगिनला आला की त्याचं प्रोफाइल बनताना अडचण येते. म्हणून अनलोड झालं नाही तर आमची स्क्रिप्ट तिथेच थांबते आणि आरडाओरडा करते.

विंडोजचं स्वतःचंही काही सामान डिफॉल्टमध्ये असतं. विंडोज १० मध्ये त्या हायव्हच्या ‘रन’ कीमध्ये वनड्राइव्हचा सेटअप चालवणारी ओळ असते. त्यामुळे दर नव्या माणसाच्या पहिल्या लॉगिनला तो बसतो. ज्या ऑफिसात वनड्राइव्ह वापरायचंच नाही, तिथे आम्ही ती ओळ काढतो. वापरत असतील तर अर्थातच राहू देतो.

विंडोज ८ पासून काही गोष्टी डिफॉल्ट प्रोफाइलच्या हातून गेल्याच. कोणती फाइल कशात उघडायची, हा निर्णय आता यूजरचॉइस कीमध्ये एका हॅशसह (हिशोबाने काढलेल्या पडताळणीच्या खुणेसह) राहतो, आणि तो हॅश त्या त्या खात्याशी बांधलेला असतो. एकाचा दुसऱ्याला चालत नाही, विंडोज किंमत पुसून पुन्हा आपलं खरं करतं. तिथे डिसम या विंडोजच्या साधनाने अॅप असोसिएशनची एक्सएमएल फाइल काढून इमेजमध्ये भरायची. स्टार्ट मेन्यूचं तसंच, विंडोज १० ला लेआउटमॉडिफिकेशन नावाची एक्सएमएल, ११ ला जेसन. अजूनही रजिस्ट्रीतल्या ‘जादूच्या’ किमती घेऊन येणारे भेटतात, आणि त्यांच्याशी वाद घालण्यात संध्याकाळ जाते.

स्टोअर अॅपनी तर सिसप्रेपचीच वाट अडवली. ऑडिट मोडमध्ये इंटरनेट जोडलेलं राहिलं की स्टोअर मागच्या मागे अॅप अपडेट करतं. मग एखादं पॅकेज त्या खात्यापुरतं बसलेलं, पण सगळ्यांसाठी प्रोव्हिजन न झालेलं, म्हणजे नव्या खात्यांना आपोआप न मिळणारं, असं उरतं, आणि सिसप्रेप तिथेच मान टाकतो. सेटअपएरर लॉगमध्ये पॅकेजचं नावच लिहिलेलं असतं, त्यामुळे शोधणं सोपं. आमच्याकडे इमेज बनवायच्या व्हर्च्युअल मशीनचं (मशीनच्या आत सॉफ्टवेअरने चालणाऱ्या मशीनचं) नेटवर्क कार्ड काढूनच ठेवलेलं असतं. व्हर्च्युअल मशीन वापरण्याचा दुसरा फायदा असा की सिसप्रेपच्या आधीचा स्नॅपशॉट, म्हणजे मागे परतता येईल अशी जपलेली स्थिती, हाताशी राहतो. विंडोज ७ च्या वेळी सिसप्रेपला अॅक्टिव्हेशनचं घड्याळ तीनदाच मागे नेता येई, तेव्हा तर त्याच्याशिवाय पर्यायच नव्हता.

धंद्याच्या बाजूने बघितलं तर विंडोज ७ चा विस्तारित सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला. दोन्ही वेळेला आमच्याकडे कामाचा पूर आला. पण दोन पुरांमधलं काम सारखं नव्हतं. पहिल्या वेळी लोकांनी इमेज मागितली. दुसऱ्या वेळी बरेच जण म्हणाले की इमेज नकोच, मशीन कंपनीकडून येतं त्याच विंडोजवर ऑटोपायलट आणि इंट्यूनने (इंटरनेटवरून मशीन तयार करण्याच्या आणि सांभाळण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या सेवांनी) सगळं करा. आमच्यातल्या जुन्या माणसांना आधी वाटलं, आता आपलं कसब संपलं. तसं झालं नाही. ऑटोपायलटमध्येही माणसाचा प्रोफाइल बनतो तो त्याच डिफॉल्ट फोल्डरातून. मशीनच्या टप्प्यात, माणूस आत येण्याआधी, सिस्टिमच्या अधिकाराने चालणारी स्क्रिप्ट तीच हायव्ह चढवते, तेच बदल लिहिते, उतरवते. तीच स्क्रिप्ट यूजरच्या टप्प्यात लावली तर प्रोफाइल आधीच बनून गेलेला असतो आणि तिचा त्या माणसाला काही उपयोग होत नाही. आधीपासून असलेल्या खात्यांना काही एकदाच द्यायचं असेल, तर अॅक्टिव्ह सेटअप हा जुनाच मार्ग आजही कामाला येतो. मशीनच्या हायव्हमध्ये नोंद करायची, ती प्रत्येक माणसासाठी लॉगिनच्या वेळी एकदाच चालते, आणि आवृत्तीचा आकडा वाढवला की पुन्हा एकदा.

नव्या गिऱ्हाइकाकडे काम सोपवताना आम्ही कागदपत्रांबरोबर एक चाचणी करून दाखवतो. आधी कधीच लॉगिन न केलेलं साधं खातं घ्यायचं, अॅडमिनचं नाही. यादीचा छापील कागद हातात धरायचा आणि मधला रकाना एकेक ओळ तपासायचा. मग साइन आउट, मशीन बंद, पुन्हा लॉगिन, कारण काही किमती पहिल्यांदा दिसतात आणि दुसऱ्या लॉगिनला विंडोज त्या झाडून टाकतं. चाचणी संपली की ते प्रोफाइल सिस्टिम प्रॉपर्टीजमधूनच काढायचं. नुसता फोल्डर उडवला तर रजिस्ट्रीच्या प्रोफाइललिस्टमध्ये त्याची नोंद राहते आणि पुढच्या वेळी त्याच खात्याला तात्पुरतं प्रोफाइल मिळतं. मग गिऱ्हाइकाचा फोन येतो की तुमची इमेज बिघडली.