शापोरा: सगळे पश्चिमेला बघत होते

साताऱ्याचे मामा-मामी आठवडाभरासाठी आमच्याकडे म्हापशाला आले आणि दुसऱ्याच दिवशी मामांनी फर्मान काढलं, "समुद्र काय गं, रत्नागिरीलाही बघितलाय. किल्ला दाखव." मग शापोरा. घरापासून दहाएक किलोमीटर. मी मात्र शेवटची वर गेले होते ती कॉलेजात असताना, तास बुडवून.

वागातोरच्या बाजूने पायथ्याला गाडी लावली आणि उतरतो न उतरतो तोच टोप्या समोर आल्या. गवताच्या टोप्या, गॉगल, पैंजणं, शिंपल्यांचे पडदे, 'गोवा' लिहिलेले टीशर्ट. "दिल चाहता है पॉइंट, साहब, इधर से ऊपर!" मामा थबकले. २००१ सालचा तो सिनेमा त्यांनी पाहिलेला नाही. त्यातले तिघे मित्र इथल्या तटावर बसले होते आणि तेव्हापासून देशभरातली पोरं तशीच बसून फोटो काढायला येतात, हे मी सांगितलं. मामींनी तो दोनदा पाहिलाय, हे तेव्हा कळलं. मामांनाही तेव्हाच.

टोपी घ्या म्हटलं तर मामा ऐकेनात. "सज्जनगडावर टोपी घालून गेलो नाही कधी."

चढ दहा-पंधरा मिनिटांचा, पण खट्याळ. जांभ्याची बारीक खडी पायाखालून सरकते आणि सावलीच्या नावाने शून्य. ताक नाही, काकडी नाही, लिंबू सरबताची मावशी नाही. आपल्या गडांची सवय असलेल्या माणसाला हे फारच कोरडं वाटतं. मामी अर्ध्यावर बसल्या आणि मग हळूच खाली दुकानांकडे वळल्या.

वर पोचलं की आत बघण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही. गवत, पडझड, आणि टेकडीच्या कडेकडेने वेडावाकडा धावणारा चिऱ्याचा तट. पण हा तट सोडत नाही. पश्चिमेला उघडा समुद्र, दक्षिणेला वागातोरची वाळू. सूर्यास्ताला तासभर होता आणि शे-दीडशे माणसं पश्चिमेकडे तोंड करून, मोबाईल वर धरून उभी होती.

मामा एकटेच पाठ फिरवून उत्तरेला गेले. "इकडे ये. किल्ला इकडे बघतोय."

खरंच की! खाली शापोरा नदीचं मुख, मच्छीमारांच्या होड्या, पलीकडे मोरजीची लांबलचक वाळू, जिथे कासवं अंडी घालायला येतात. आज तो पेडणे तालुका, गोव्यातलाच. पण अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती दुसऱ्याची जमीन होती. पोर्तुगीज अलीकडे, बार्देशात. सावंतवाडीकर भोसले पलीकडे. मधली ही नदी म्हणजे सरहद्द, आणि शापोरा तिच्यावरची चौकी. आधी इथे आदिलशाही ठाणं होतं. शापोरा हे नाव 'शहापुरा'वरून आलं म्हणतात. पुढे पेडणेही पोर्तुगिजांकडे गेलं, सरहद्द उत्तरेला सरकली आणि किल्ल्याला राखायला काही उरलं नाही.

"संभाजी महाराज बार्देशात उतरले तेव्हा हा घेतला होता," मामा म्हणाले. "आणि पुन्हा १७३९ ला आपल्याकडे आला. त्याच साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली. दोन वर्षांत परत द्यावा लागला." शेवटचं वाक्य त्यांनी असं उच्चारलं की जणू परत देताना त्यांची सही घेतली होती.

उतरताना त्यांनी एकच धोशा लावला: शोकेससाठी या किल्ल्याचं काहीतरी हवं. मॅग्नेटवर पणजीचं पांढरं चर्च होतं, आग्वादचं दीपगृह होतं, खेकडा होता, बाटलीला टेकलेला माड होता. शापोरा कुठेच नाही. ज्या टेकडीच्या जिवावर ही सगळी दुकानं चालतात, तिचं चित्र एकावरही नाही! पोस्टकार्ड विचारलं तर पोरगा हसला. तो गदगचा. शंख कुठला विचारलं तर म्हणाला, "रामेश्वरम, साहब." निदान खोटं तरी बोलला नाही.

"किल्लेका कुछ है क्या?" मामांचं हिंदी.

"ऊपर से फोटो नहीं लिया क्या?"

तेवढ्यात मामी आल्या, डोक्यावर टोपी, हातात पैंजणांचे सहा जोड. शेजारच्या सुनांना द्यायला म्हणे. मामांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

शेवटी त्यांनी एक लाकडी होडीचा मॅग्नेट उचलला. दीडशे सांगितले, ऐंशीला मिळाला. "ही निदान खालच्या नदीतली असेल," म्हणाले. गाडीत बसल्यावर माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि होडीच्या पाठीवर, 'गोवा' शब्दाच्या बरोबर मागे, बारीक अक्षरात लिहिलं: शापोरा, १७३९.