तुम्ही विचारलंत म्हणून : रॉकवाल्याने फ्यूजन कुठून धरावं?

हा प्रश्न मला वर्षातून सात-आठ वेळा तरी येतो. विचारणारा बहुतेक डीप पर्पल, लेड झेपेलिन, फार तर किंग क्रिम्झन या इंग्लिश रॉक बँडांपर्यंत पोचलेला असतो. "ते सत्तरच्या दशकातलं इलेक्ट्रिक जॅझ ऐकायचंय हो, पण डोक्यावरून जातं. तुम्ही कुठून सुरुवात केलीत?" गेल्या महिन्यात भाच्याने विचारलं, तेव्हा ठरवलं की एकदा सगळं लिहूनच टाकू. पुढच्या वेळी नुसतं पाठवून देता येईल.

आधी एक खुलासा. आपल्याकडे फ्यूजन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ओळखीच्या अभंगाखाली ड्रमकिट आणि शेजारी बासरीवाला, असं काहीतरी येतं. त्याच्याशी माझं भांडण नाही, पण मी बोलतोय ते वेगळं. १९६९ च्या आसपास अमेरिकेतल्या जॅझवाल्यांनी रॉकची इलेक्ट्रिक गिटार, बास, ढणाढणा अँप्लिफायर आणि फेंडर ऱ्होड्स नावाचा इलेक्ट्रिक पियानो उचलला आणि पुढची सात-आठ वर्षं जो धुमाकूळ घातला, तो हा प्रकार.

मी सुरुवात चुकीच्या ठिकाणी केली. सगळे करतात तिथेच. प्रत्येक यादीत पहिलं नाव जॅझ ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस याच्या 'बिचेस ब्रू' या अल्बमचं असतं, म्हणून कॉलेजात असताना मित्राच्या भावाने अमेरिकेहून आणलेल्या दोन सीडी मी नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर भरून घेतल्या. हे रेकॉर्डिंग वुडस्टॉक या रॉक महोत्सवाचा जत्रा-मेळा उठल्याच्या दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्ट १९६९ ला सुरू झालं आणि तीन दिवसांत उरकलं, एवढं मला वाचून माहीत होतं. वुडस्टॉकच्या दुसऱ्या दिवशी म्हणजे आपलंच घर, असं वाटून मी हेडफोन चढवले. पहिलाच तुकडा वीस मिनिटांचा. त्यात तीन इलेक्ट्रिक पियानो, दोन बास, एकाहून जास्त ड्रमर. आता सुरू होईल, मग सुरू होईल, म्हणून मी वाट बघत राहिलो. रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी धून) कुठंय? सोलो कधी येणार? बाराव्या मिनिटाला मी कॅसेट काढली आणि डीप पर्पलची 'मशीन हेड' लावली. असं पुढच्या तीन वर्षांत मी निदान सहा वेळा केलं असेल.

वाट सापडली ती डीप पर्पलमधूनच. गिटारवाला रिची ब्लॅकमोर बँड सोडून गेल्यावर १९७५ मध्ये त्याच्या जागी टॉमी बोलिन नावाचा पोरगा आला. पर्पलबरोबर त्याचा एकच स्टुडिओ अल्बम झाला, पर्पलभक्त त्याला नावं ठेवतात, मला आवडतो. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९७६ मध्ये, बोलिन पंचविसाव्या वर्षी गेला. याने आधी काय वाजवलंय म्हणून शोधायला गेलो तर बिली कॉबम या ड्रमरचा 'स्पेक्ट्रम' हाती लागला, १९७३ चा. जॅझच्या रॅकमध्ये ठेवलेला अल्बम, आणि गिटारवर आपला रॉकवाला! मी गिटारसाठी घरी आणला. राहिलो दुसऱ्याच कारणासाठी.

त्यातलं 'स्ट्रॅटस' ऐका. पहिली जवळजवळ तीन मिनिटं नुसता धूर : यान हॅमरच्या सिंथेसायझरचे आवाज आणि त्यांच्यावर कॉबमचे ड्रम्स सैरावैरा. मग एकदम बास येतो. ली स्क्लार वाजवतोय, जो एरवी जेम्स टेलरसारख्या शांत गाणाऱ्याच्या मागे असायचा. त्याची ओळ इतकी साधी आहे की महिनाभर गिटार शिकलेलं पोर वाजवेल. आणि ती जवळपास शेवटपर्यंत बदलत नाही. वर बोलिन गिटार कुठल्या कुठे नेतो, कॉबमचे हात मोजता येत नाहीत, हॅमर मधेच घुसतो. खाली तीच ओळ. (ब्रिस्टलच्या मॅसिव्ह अटॅक या बँडने १९९१ मध्ये हीच ओळ उचलून आपलं गाणं बांधलं, म्हणजे ती किती पक्की आहे बघा.)

हे मला आपलं आपण कळलं असं सांगायला आवडलं असतं, पण कळलं ते आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांमुळे. काका तबला शिकवायचे. एका रविवारी वर्गणी मागायला वर आले, दारातच थबकले.

"हा काय प्रकार लावलायस रे?"

"जॅझ आहे काका. म्हणजे रॉकपण आहे."

"ते असू दे. तो खाली जाडा आवाज चाललाय ना, तो लेहरा आहे. त्याला धरून बस. बाकीचे येतील आणि जातील."

पावती फाडून काका गेले. फ्यूजनवर इतकं उपयोगाचं मी नंतर कुठेही वाचलं नाही.

तबल्याचा एकल कार्यक्रम ज्यांनी ऐकलाय त्यांना वेगळं सांगायला नको. हार्मोनियमवाला किंवा सारंगीवाला एकच ओळ आवर्तनामागून आवर्तन वाजवत बसतो. त्याच्याकडे कोणी बघत नाही. पण सम कुठे आहे ते त्याच्यामुळे कळतं, आणि म्हणून तबलजी कितीही लांब गेला तरी आपण हरवत नाही. रॉक ऐकणाऱ्याचा कान सवयीने गाणाऱ्याला नाहीतर गिटारला चिकटलेला असतो. इथे तो तिथून सोडवून खाली आणायचा. मला हे जमायला दोन-तीन आठवडे लागले. जमल्यावर 'स्ट्रॅटस'ची दहा मिनिटं कमी पडायला लागली.

कॉबम आणि हॅमर दोघंही महाविष्णू ऑर्केस्ट्रा या बँडचे. नाव ऐकून घरच्यांना कीर्तनकार मंडळी वाटली होती. जॉन मॅकलॉक्लिन हा यॉर्कशायरचा गिटारवाला, श्री चिन्मय यांचा शिष्य झाला आणि गुरूंनी त्याला महाविष्णू नाव दिलं. 'द इनर माउंटिंग फ्लेम' (१९७१) आणि 'बर्ड्स ऑफ फायर' (१९७३) हे दोन अल्बम हेवी मेटल ऐकणाऱ्यालाही दचकवतील. दोन मानांची गिटार, तिच्याशी भांडणारं व्हायोलिन, आणि ताल असे की रॉकमध्ये चारपर्यंत मोजायला शिकलेला माणूस बसल्या जागी ठेचकाळतो. 'बर्ड्स ऑफ फायर' मी मुद्दाम काकांना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा म्हणाले, "अठरा." मग थोडं थांबून, "लक्ष्मीतालाला अठरा असतात. पण हा तो नव्हे." बरोबर होतं, अठराच आहेत.

माझ्या मते मात्र ऐकावं ते पहिल्या अल्बममधलं 'डान्स ऑफ माया'. सुरुवातीला दहा मात्रांचं एक वाकडं, संथ, जरा भीतीदायक चक्र. मधे अचानक मस्तपैकी ब्लूज सुरू होतो, पाय आपोआप हलायला लागतो, फक्त तो वीस मात्रांचा असतो. आणि शेवटी दोन्ही एकमेकांवर ठेवतात. दहाची दोन आवर्तनं वीसच्या एकात बसतात आणि ते आधीपासून तसंच बेतलेलं होतं, हे त्या क्षणी कळतं. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा लोकलमध्ये होतो आणि मोठ्याने "अरे!" म्हणालो होतो. समोरच्याने पेपर खाली करून पाहिलं.

इथून माइल्सकडे परत जाता येतं. पण लगेच 'बिचेस ब्रू'कडे नको. आधी 'जॅक जॉन्सन' घ्या, १९७१ मध्ये आलेला. त्याच्या पहिल्या बाजूला एकच तुकडा आहे, 'राइट ऑफ', सत्तावीस मिनिटांच्या आसपास, आणि तो चक्क रॉक आहे. गोष्ट अशी की माइल्स स्टुडिओच्या पलीकडच्या खोलीत निर्मात्याशी बोलत बसलेला, इकडे मंडळी कंटाळलेली. मॅकलॉक्लिनने गंमत म्हणून ई सुरात ठेका धरला, कॉबम आणि बासवाला मायकेल हेंडरसन मागोमाग आले. दोनेक मिनिटांनी मॅकलॉक्लिन अचानक बी फ्लॅटमध्ये सरकला. हेंडरसनच्या ते लक्षातच आलं नाही, तो आपला ईमध्येच. दोन सूर एकमेकांना खेटून घासतायत, आणि नेमक्या त्याच क्षणी माइल्स ट्रम्पेट घेऊन आत घुसतो. चूक सुधारायला कोणी थांबलं नाही. काकांच्या भाषेत, लेहरेवाला हलला नाही म्हणून बाकीच्यांना उडता आलं. पियानोवाला हर्बी हॅनकॉक त्या दिवशी इमारतीत दुसऱ्याच कामाला आला होता, त्यालाही धरून ऑर्गनवर बसवलं.

'इन अ सायलेंट वे' (१९६९) रात्रीसाठी ठेवा. माइल्सने मॅकलॉक्लिनला सांगितलं होतं म्हणे, गिटार वाजवताच येत नसल्यासारखी वाजव. तो खरंच तशी वाजवतो, एकेक सूर चाचपत. दुसऱ्या बाजूची सुरुवातीची चार मिनिटं शेवटी जशीच्या तशी पुन्हा येतात. ती परत वाजवलेली नाहीत. निर्माता टिओ मॅसेरोने तीच फीत शेवटी जोडली. जॅझमधल्या शुद्धतावाद्यांना हे आवडलं नाही. रॉकवाल्याला त्यात वावगं काय ते कळणार नाही, आणि इथे रॉकवाल्याचं बरोबर आहे.

बाकीचं भराभर सांगतो. रॉक गिटारवाला जेफ बेक याचा 'ब्लो बाय ब्लो' (१९७५) सगळ्यात सोपा जिना आहे, निर्माता बीटल्सवाला जॉर्ज मार्टिन, ज्यांना माझं वरचं सगळं जड वाटलं त्यांनी तिथून चढावं. हॅनकॉकचा 'हेड हंटर्स' (१९७३) पाहुण्यांसमोरही लावता येतो. त्यातल्या 'कमेलियन'चा सुरुवातीचा बास हा बास नाही, सिंथेसायझर आहे. वेदर रिपोर्ट या बँडच्या 'हेवी वेदर'मध्ये जॅको पॅस्टोरियसची बिनपडद्यांची बास गिटार आहे, तिच्यासाठी सगळं माफ. रिटर्न टू फॉरेव्हर या बँडचा 'रोमँटिक वॉरियर' अनेकांचा लाडका आहे, मला तो बोटांच्या व्यायामासारखा वाटतो. १९७६ नंतर हा व्यायाम फार वाढला.

"आपण भारतीय, मग 'शक्ती'पासूनच का नको?" असंही विचारतात. (शक्ती म्हणजे मॅकलॉक्लिनचा भारतीय वादकांबरोबरचा बँड.) कारण ते अकूस्टिक गिटारीचं संगीत आहे, इलेक्ट्रिक नाही, आणि आपण तबला ऐकून खूश होतो ते ओळखीपायी. तो मोह थोडा लांब ठेवा. त्याऐवजी मॅकलॉक्लिनचा १९८९ मधल्या लंडनच्या मैफिलीचा अल्बम ऐका. तालवाद्यांवर त्रिलोक गुर्टू आहेत, आपल्या ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव, मुंबईत वाढलेले. ते जमिनीवर अर्धवट गुडघे टेकून, ड्रम आणि तबला एकत्र मांडून वाजवतात, आणि झांजा पाण्याच्या बादलीत बुडवतात. झांज बुडते तसा तिचा सूर वाकतो. हे कळल्यावर मी न्हाणीघरात स्टीलच्या ताटावर प्रयोग केला. बायकोने ताट काढून घेतलं.

आणि 'बिचेस ब्रू'? ती कॅसेट वीसेक वर्षं माळ्यावर होती. मधे घर बदलताना सापडली, तोवर सगळं फोनवर आलेलं. एका रात्री बास धरून बसलो आणि पहिल्यांदाच पहिले दोन तुकडे ओळीने ऐकले, वीस मिनिटं अधिक सत्तावीस. मग सहज हिशोब केला. सत्तेचाळीस. कॅसेटची एक बाजू पंचेचाळिसाची. म्हणजे माझ्या कॅसेटवर दुसऱ्या तुकड्याचा शेवट कधी आलाच नव्हता, आणि तिथवर मी एकदाही पोचलो नसल्यामुळे मला ते कळायचं कारणही नव्हतं.

भाच्याला 'स्ट्रॅटस' पाठवलंय. त्याचा निरोप आला, "मामा, तीन मिनिटं झाली, काहीच होत नाहीये." मी लिहिलं, थांब जरा, आता बास येईल.