तुम्ही विचारलंत म्हणून: पक्षात माणसं नाहीत का, बाहेरचा कशाला?

हा प्रश्न मला चवथीला घरी आलेल्या पाहुण्यांनी विचारलाय, म्हापशाच्या बाजारात विचारलाय, एका लग्नात जेवणाच्या रांगेत ताट हातात असतानासुद्धा विचारलाय. शब्द थोडे इकडेतिकडे पण मुद्दा एकच, की एवढी वर्षं पक्षाचे झेंडे लावलेत, बूथवर बसलात, आणि आता 2027 च्या विधानसभेला पक्षातली माणसं सोडून त्या मास्तरांना पाठिंबा द्या म्हणून सह्या कसल्या गोळा करत फिरताय? पक्षाचं नाव मुद्दाम घेत नाही. गोव्यात कुठलंही घातलंत तरी गोष्ट फारशी बदलत नाही.

आधी बाहेरचा म्हणजे कोण ते बघू. पणजीचंच घ्या. मार्च 2019 मध्ये तिथले आमदार आणि मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर वारले, मे महिन्यात पोटनिवडणूक झाली आणि काँग्रेसचे बाबूश मोन्सेरात भाजपच्या सिद्धार्थ कुंकळ्येकरांना 1758 मतांनी पाडून निवडून आले. जुलैमध्ये काँग्रेसच्या पंधरातले दहा आमदार भाजपमध्ये गेले, त्यात बाबूशही. 2022 ला त्याच पणजीत भाजपचं तिकीट त्यांनाच मिळालं. म्हणजे मे महिन्याच्या घामात ज्या कार्यकर्त्यांनी त्यांच्याविरुद्ध दारोदार मतं मागितली त्यांनीच आता त्याच दारात जाऊन त्यांच्यासाठी मागायची. मनोहर पर्रीकरांचे चिरंजीव उत्पल तेव्हा जाहीर म्हणत होते की पक्षाने दुसरा कुणी चांगला उमेदवार दिला तर मी माघार घेतो. पक्षाने दिला नाही, ते अपक्ष लढले, शिवसेनेने त्यांच्यासाठी आपला उमेदवार मागे घेतला, आणि ते हरले, 6787 विरुद्ध 6071, म्हणजे 716 मतांनी. गंमत म्हणजे जिंकल्यावर बाबूशच नाराज, भाजपच्या लोकांनी आपल्याला मतं दिली नाहीत म्हणून. कुठून देणार हो?

तर पक्षाला बाहेरचा माणूस चालत नाही हे मुळात खरंच नाही. चालतो, अगदी हार घालून चालतो, फक्त येताना स्वतःची मतं खिशात घेऊन यायला हवा. मत मागायला संकोच करणारा, हिशेब विचारणारा बाहेरचा आला की मग आमच्या पुढाऱ्यांना निष्ठावान कार्यकर्ते आठवतात.

आता आमचे मास्तर. हायस्कूलमधून निवृत्त झालेत, कुठल्याच पक्षाचे मेंबर नाहीत, होतही नाहीत. त्यांना ओळखायचं असेल तर ग्रामसभेला या. आमच्याकडे डोंगर कापून सपाट करायचं काम सुरू झालं तेव्हा ते वन-फोर्टीनचा उतारा, म्हणजे आमच्याकडचा सातबारा, आणि कुठली जमीन कशासाठी ते ठरवणाऱ्या रिजनल प्लॅनचा नकाशा घेऊन आले, सर्व्हे नंबर वाचला आणि विचारलं, हा भाग काल ऑर्चर्ड, बागायतीचा होता तो आज सेटलमेंट, वस्तीचा कसा झाला? समोरून उत्तर आलं, विषय अजेंड्यावर नाही. मास्तर म्हणाले, ठीक, मी विचारलं आणि तुम्ही हे उत्तर दिलं, एवढं मिनिट्समध्ये लिहा. सेक्रेटरी लिहून होईपर्यंत माणूस उभा, मग म्हणतो आता वाचून दाखवा. वाचल्यावर एक शब्द राहिला होता तो घालायला लावला, तेव्हा कुठे खाली बसले. मागे कुणीतरी हसत होतं, त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं.

ती जमीन आमच्याच पक्षाच्या एकाशी संबंधित निघाली, हेही सांगून टाकतो, नाहीतर तुम्हाला वाटेल विरोधकांवर नेम धरला म्हणून मास्तर आवडले.

17(2) बद्दल तुम्ही पेपरात वाचलं असेलच, नगरनियोजन कायद्यातलं ते कलम, 2023 साली आणलेलं, रिजनल प्लॅनमधल्या चुका दुरुस्त करायच्या नावाखाली झोन बदलायची सोय. मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याचे नियम रद्द केले. पण तोपर्यंत आमच्यासारख्या गावात जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, आणि त्या काळात ग्रामसभेत उभं कोण राहिलं हे लोकांच्या बरोबर लक्षात असतं.

लोकांच्या लक्षात काय काय असतं ते पुढाऱ्यांना कळत नाही कारण दारात ते जात नाहीत, आम्ही जातो. गेल्या खेपेला चिठ्ठ्या वाटायला एका घरी गेलो, संध्याकाळची वेळ, आजी बल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, सोप्यावर बसलेली. चिठ्ठी हातात घेतली, चष्मा नव्हता म्हणून नुसतीच उलटसुलट केली आणि विचारलं, ‘हो तरी उरतलो मरे, काय होय वचतलो?’ म्हणजे हा तरी राहणार की हाही जाणार. उमेदवार काय करणार, रस्ता कधी, पाणी कधी, काही नाही, राहणार की जाणार एवढंच. मी काय बोलणार? जानेवारी 2022 मध्ये काँग्रेसने आपल्या उमेदवारांना देऊळ, क्रॉस आणि दर्गा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्ष सोडणार नाही अशा शपथा घ्यायला लावल्या होत्या. सप्टेंबरमध्ये निवडून आलेल्या अकरातले आठ भाजपमध्ये गेले. त्यातल्या दिगंबर कामतांनी, माजी मुख्यमंत्र्यांनी, तर देवाला परत जाऊन विचारल्याचं सांगितलं. आम्हा गोंयकारांना देवाचा कौल लावणं नवं नाही, पण दिलेला शब्द मागे घ्यायला कौल लावतात हे तेव्हा कळलं.

आणि दहा-आठ असे आकडे उगाच येत नाहीत. घटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, दोन तृतीयांश आमदार एकत्र दुसऱ्या पक्षात विलीन झाले तर अपात्र ठरत नाहीत, पंधराचे दोन तृतीयांश बरोबर दहा, अकराचे आठ. पण अपक्ष निवडून आलेला एकटा माणूस नंतर कुठल्याही पक्षात शिरला की आमदारकी जाते. ज्याच्यावर सह्या घेतोय ते पक्षाला द्यायचं आमचं पत्र यावरच उभं आहे. आम्ही म्हणतोय मास्तरांना चिन्ह देऊ नका, त्यांना नकोच आहे. आपला उमेदवार उभा करू नका, त्यांना पाठिंबा जाहीर करा, बाकीचं आम्ही बघतो. बाहेरून सरकारला पाठिंबा अपक्ष देऊ शकतो, 2022 च्या तिन्ही अपक्षांनी दिलाच की, तेव्हा कायदा काही जादू नाही हे मलाही कळतं. पण मास्तर एका बाबतीत तरी कायद्यानेच बांधलेले राहतील, आणि बाकीच्यासाठी त्यांचा स्वभाव आहे.

हे घेऊन आम्ही पक्षाच्या ऑफिसात गेलो. चहा दिला, चांगलं बोलले. विनेबिलिटी, म्हणजे निवडून यायची शक्यता काय, सर्व्हे काय. मी म्हटलं, सर्व्हेचं राहू दे, सांत आंद्रे मतदारसंघात 2022 ला 76 मतांनी निकाल लागलाय, गोव्यात मतदारसंघ केवढे ते तुम्हाला माहीत आहे, दोन वाड्यांतले कार्यकर्ते मनापासून फिरले की निकाल फिरतो. दक्षिण गोव्याचंही सांगितलं, 2024 ला काँग्रेसने आपल्या तेव्हाच्या खासदाराला बाजूला करून कॅप्टन विरियातो फर्नांडिसना उभं केलं, नौदलातले निवृत्त, आंदोलनांतून आलेले, आधी दाबोळीत हरलेले, आणि ते 13,535 मतांनी जिंकले. ऐकून घेतलं. मग मास्तरांच्या अटी विचारल्या. दारू नाही, पाकिटं नाहीत, 28 लाखांची खर्चाची मर्यादा आहे तिच्या आतला हिशेब दर आठवड्याला पंचायतीच्या नोटीस बोर्डाजवळ लावायचा. यावर आमचे साहेब जरा हसले आणि म्हणाले, ‘पण निवडून येऊन तो आपल्या पक्षात येणारच नसेल तर आपल्याला त्याचा उपयोग काय?’

आता बघा, पत्रातला मुद्दाच तो होता.

पुढचा प्रश्न तुम्ही विचारणारच, की पक्ष नाही म्हणाला तर सोडणार का. नाही सोडणार. मी का सोडू, मी काही तिकीट मागितलेलं नाही. वर्गणी भरीन, मीटिंगला जाईन, कोपऱ्यात बसून विरोध नोंदवायला लावीन, ते मास्तरांकडे बघून शिकलोच आहे. फक्त पुन्हा कुणी कालच विरोधात असलेला माणूस दिला तर त्याच्या चिठ्ठ्या घेऊन मी घरोघरी जाणार नाही, आणि हे साहेबांना तोंडावर सांगून आलोय. आमच्या बूथवरचे बाकीचेही तेच म्हणतायत. सह्या अजून चालूच आहेत, तुमची राहिली असेल तर रविवारी ग्रामसभेनंतर मी पंचायतीच्या बाहेरच असतो.