पाकिटावर नाव लिहा: अंबाजोगाईहून क्रूझला गेलेल्या तेरा जणांचा वृत्तांत

जानेवारीत आम्ही अंबाजोगाईचे तेरा जण सिंगापूर, पिनांग, फुकेत अशी चार रात्रींची क्रूझ करून आलो. परतल्यापासून ओळखीच्यांचे फोन सुरू आहेत. जहाज हलतं का? पहिल्या रात्री जरा हललं, दोघांनी गोळी घेतली, नंतर कुणाला काही झालं नाही. शाकाहारी जेवण मिळतं का? भरपूर मिळतं, जैनही मिळतं, फक्त बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा. धपाटे नि शेंगदाण्याची चटणी नेता येते का? घरचं शिजवलेलं जहाजावर नेऊ देत नाहीत, सीलबंद पाकिटं चालतात. आमचे धपाटे आम्ही जहाजावर चढायच्या आधीच संपवले.

या प्रश्नांची उत्तरं कुणीही देईल. मला सविस्तर लिहायचंय ते टीपबद्दल, कारण त्या एका गोष्टीवरून आमच्यात चौथ्या दिवशी भर समुद्रात भांडण झालं. निघण्याआधी कुणी अर्धा तास बसून समजावलं असतं तर ते झालंच नसतं. पुढच्यांचं होऊ नये म्हणून लिहितेय.

लातूर एक्स्प्रेसने मुंबई, तिथून साडेपाच तासांचं विमान आणि सिंगापूरला मरीना बेच्या टर्मिनलवरून जहाज. सहा खोल्या होत्या. आमच्या खोलीत आम्ही दोघं आणि सासूबाई. त्यांचं वय चौऱ्याहत्तर, गुडघे धरलेले, पण उत्साह आमच्यापेक्षा जास्त.

जहाजावर खरेदीला रोख पैसे चालत नाहीत. चढतानाच एक कार्ड हातात देतात, तीच खोलीची किल्ली आणि तेच पाकीट. सरबत घ्या, फोटो घ्या, सगळं खोलीच्या खात्यावर चढतं आणि शेवटी आपल्या क्रेडिट कार्डावरून कापलं जातं. तेव्हा निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्ड परदेशी व्यवहारांसाठी चालू करून घ्या. आमच्यातल्या दोघांचं बंद होतं, त्यांना रोख अनामत भरावी लागली.

खातं खोलीतल्या टीव्हीवर कधीही बघता येतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एकाने सहज उघडलं, तर त्यात रोज माणशी १८ अमेरिकी डॉलर 'ग्रॅच्युइटी', म्हणजे टीप, लागलेली. चार रात्रींचे माणशी ७२. आमच्या खोलीचे तिघांचे २१६ डॉलर, म्हणजे अठरा-एकोणीस हजार रुपये. तेरा जणांचा हिशेब ऐंशी हजारांच्या वर गेला. पॅकेज विकताना टूरवाल्याने 'सगळं आलं यात' असंच सांगितलं होतं. छापील कागदावर बारीक अक्षरात 'ग्रॅच्युइटी वेगळी' असं लिहिलेलं होतं, ते आम्ही कुणीच वाचलं नव्हतं. म्हणून पहिला सल्ला हाच: पैसे भरण्याआधी 'ग्रॅच्युइटी पॅकेजमध्ये आहे की जहाजावर लागेल, माणशी किती' हे लेखी विचारा. आकडा कंपनीप्रमाणे बदलतो, पण बड्या अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर साधारण १६ ते २० डॉलर रोज असतो आणि मोठ्या सुइटला त्याहून जास्त. एका खोलीतल्या तिसऱ्या माणसालाही लागतो, लहान मुलांनाही बहुतेक ठिकाणी लागतो. बुकिंगच्या वेळी आधीच भरून टाकायची सोयही असते. मी पुन्हा गेले तर तसंच करेन. खर्च घरीच कळलेला बरा.

आता ही रक्कम जाते कुठे? खोली आवरणारा, जेवणाच्या टेबलावरचा वेटर आणि त्याचा मदतनीस, आणि आपल्याला कधीच न दिसणारी माणसं, म्हणजे लाँड्रीतली, भांड्यांवरची, अशांत ती वाटली जाते. अनेक कंपन्यांत या लोकांच्या कमाईचा मोठा भाग हाच असतो. बरेच प्रवासी शेवटच्या दिवशी काउंटरवर जाऊन ती कमी करून घेतात, कारण बऱ्याच जहाजांवर तशी मुभा आहे. तसं केलं की वाटपाची रक्कम तेवढी घटते, आणि घटते ती याच लोकांची.

आमच्यातल्या एकाने नेमकं हेच सुचवलं. चौथ्या दिवशी सकाळी न्याहारीला सगळे बसलेले असताना म्हणाला, "पॅकेजचे पैसे मोजलेत. टीप मनाने द्यायची असते, खात्यातून कापून घ्यायची नसते. चला सगळे मिळून काउंटरवर." त्याचं म्हणणं मला अगदीच चूक वाटत नाही. आपल्याकडे खुशाली द्यायची ती काम बघून, हातात. लग्नात आचाऱ्याला टॉवेल-टोपी देतो ती जेवण उठल्यावरच. न विचारता कापलेले पैसे कुणालाही टोचतील. पण त्या टेबलाशी मला आदल्या तीन दिवसांतलं बरंच काही आठवत होतं.

आमची खोली आवरणारा इंडोनेशियाचा होता. कर्मचाऱ्यांच्या छातीवरच्या बिल्ल्यावर नावाखाली देश लिहिलेला असतो. एकट्याकडे पंधरावीस खोल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही परतलो तर पलंगावर टॉवेलची घडी घालून केलेला हत्ती, आणि त्याच्या डोळ्यांवर सासूबाईंचा चष्मा ठेवलेला. त्या इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतले बघायला आले. तिसऱ्या दिवशी मी त्याला घरचं विचारलं. निघाला तेव्हा मुलगी तीन महिन्यांची होती, आता रांगते, हे त्याने फोनवरच पाहिलेलं. करार आठ महिन्यांचा. आठवड्याची सुट्टी नाही.

जेवणाच्या हॉलमध्ये रोज तेच टेबल, तोच वेटर. हा फिलिपिन्सचा. तिसऱ्या दिवशी एकादशी होती. सासूबाईंचा उपास असतो एवढंच मी आदल्या रात्री मोडक्या इंग्रजीत सांगितलं होतं: धान्य नाही, कांदा-लसूण नाही, बटाटा चालेल, दही चालेल. संध्याकाळी टेबलावर त्यांच्या जागी वेगळी ताटली. उकडलेले बटाटे, दही, पपईच्या फोडी आणि वाटीत शेंगदाणे. मिठाचं पुडकं बाजूला, कारण कुठलं मीठ चालतं ते त्याला माहीत नव्हतं. सासूबाईंनी त्याचा हात धरला आणि आपल्या बोलीत विचारलं, "जेवलास का रे लेकरा? सकाळधरनं पळायलास." मी इंग्रजीत सांगितल्यावर तो क्षणभर थांबला. म्हणाला, आम्ही तुमचं सगळ्यांचं झाल्यावर जेवतो, पण हे मला इथे कुणी विचारत नाही.

न्याहारीच्या टेबलाशी मात्र बोलले ते आमचे हे. केज तालुक्यात बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक होते. म्हणाले, "दसरा झाला की माझा निम्मा वर्ग रिकामा व्हायचा. आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला निघाले की पोरंही मागं. पाडव्याच्या सुमारास परत यायची, तोवर पाढे विसरलेली. कारखान्यावर वजनकाट्यात मारलं की आपण बीडचे लोक किती चिडतो? टनामागचा पैसा कापला की संप करतो. हीपण घर सोडून आलेली माणसं आहेत. यांच्या टनातलं आपण कापायचं का?"

टेबलावर बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी पाच खोल्यांनी रक्कम तशीच ठेवली. एका कुटुंबाने काढून घेतली. त्यांचं बजेट खरंच घट्ट होतं, मुलीचं लग्न महिन्यावर आलेलं. त्यांना मी दोष देत नाही. पण त्यांना आधी कळलं असतं तर तेवढे पैसे बाजूला ठेवता आले असते, म्हणून टूरवाल्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

आता हातात द्यायच्या वरच्या टीपचं. ती सक्तीची नाही. नाही दिली तर कुणी तोंड वाकडं करत नाही. आम्ही खोलीवाल्याला २० डॉलर, वेटरला २०, त्याच्या मदतनिसाला १० दिले. यासाठी एक आणि पाच डॉलरच्या सुट्या नोटा लागतात. अंबाजोगाईत सोडाच, लातुरातही मिळाल्या नाहीत. मुंबईत परकीय चलनाच्या दुकानात आधी फोन करून मागवून ठेवल्या. भारतीय रुपये देऊ नका, त्या माणसाला ते बदलून घेणं अवघड जातं. परदेशी नाणी तर कुणीच बदलून देत नाही.

कोरी पाकिटं काउंटरवर मागितली की मिळतात. पाकिटावर त्याचं नाव आणि आपल्या खोलीचा नंबर लिहा. ही गोष्ट मला खोलीवाल्यानेच सांगितली: नुसती नोट उशीवर ठेवली तर ते हात लावत नाहीत, विसरलेले पैसे उचलल्याचा आळ आला तर नोकरी जाते. शक्यतो हातातच द्या, आणि शेवटच्या रात्रीपर्यंत थांबू नका. त्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात, सगळी धावपळ असते, माणूस भेटत नाही. पहिल्या दिवशीच नोट पुढे करायची काहींना सवय असते. मला ते आवडत नाही, त्याला लाचेचा वास येतो.

बारमधल्या पावतीकडे नीट बघा. सरबत असो की कॉफी, १८ ते २० टक्के सेवाशुल्क आधीच धरलेलं असतं आणि खाली जादा टीपसाठी आणखी एक रिकामी ओळ असते. मी पहिल्या दिवशी ते न कळून त्या ओळीतही आकडा भरला. रेघ मारून सही केली तरी चालतं. गणवेशावर पट्ट्या असलेले अधिकारी आणि काउंटरवरचे लोक यांना पैसे द्यायचे नसतात. सिंगापूर शहरात टीपची पद्धत नाही, हॉटेलच्या बिलात दहा टक्के सेवाशुल्क असतंच. फुकेतला जहाज लांब थांबतं, छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. तिथल्या टॅक्सीवाल्याला आम्ही खुशीने शंभर बाट दिले.

सेवेत काही खटकलं तर त्याच वेळी सांगा. आमच्या एका खोलीत एसी गळत होता. ते लोक तीन दिवस गप्प बसले आणि चौथ्या दिवशी टीप कापायची म्हणाले. एसी दुरुस्त करणारा वेगळा आणि चादर बदलणारा वेगळा. काउंटरवर सांगितल्यावर तासाभरात दुरुस्त झाला.

वस्तू द्यायची असेल तर लहान द्या. त्यांची खोली दोघांत असते, घरी जाताना विमानाच्या वजनाची अडचण असते. सासूबाईंनी संभाजीनगरहून आणलेले हिमरू कापडाचे दोन बटवे दिले, एक खोलीवाल्याच्या मुलीसाठी. खोली सोडताना कचरा एका पिशवीत आणि ओले टॉवेल एका जागी ठेवा. सकाळी आपण उतरतो आणि दुपारी त्याच खोलीत नवीन लोक येतात, मधल्या काही तासांत त्याला सगळ्या खोल्या उरकायच्या असतात.

माझा भाचा संभाजीनगरला हॉटेल मॅनेजमेंट करतोय आणि त्यालाही जहाजावर जायचंय, म्हणून हेही लिहिते. २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराला भारताने २०१५ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती द्यावी लागते आणि नोकरी लावून देण्याचे पैसे उमेदवाराकडून घेता येत नाहीत. वैद्यकीय दाखला, पासपोर्ट, खलाशी पुस्तिका एवढाच खर्च त्याचा. एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे का ते आधी तपासा. ऊसतोडीचा मुकादम निदान आगाऊ उचल देतो. इथे नोकरी लावतो म्हणून लाख-दोन लाख मागणारा भेटला तर सरळ उठून या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, फुकटचं. घरी आल्यावर दोन-तीन दिवसांत कंपनीचा अभिप्रायाचा ईमेल येतो. त्यात नाव घालून लिहा. 'स्टाफ चांगला होता' याचा उपयोग नाही. कुणी, काय केलं ते लिहिलं तर ते त्याच्या नोंदीत जातं, पुढचा करार आणि बढती यांना मदत होते. बिल्ल्याचा फोटो काढायचा तर त्याला विचारून काढा, नाहीतर नाव वहीत उतरवून घ्या.

आम्ही खोलीवाल्याचं, वेटरचं आणि मदतनिसाचं नाव लिहिलं, एकादशीच्या ताटलीसकट. पण पिनांगला ओहोटीमुळे जहाजाची शिडी चांगलीच तिरकी झाली होती, तेव्हा एका मुलाने सासूबाईंची व्हीलचेअर उलटी धरून, पावलापावलाने मागे सरकत त्यांना खाली नेलं, आणि संध्याकाळी तसंच वर आणलं. गर्दी होती, मागून लोक ढकलत होते. पांढरा शर्ट, डाव्या मनगटाला लाल दोरा, एवढंच मला आठवतं. त्याचं नाव घ्यायचं राहिलं. सासूबाई अजून विचारतात, "त्या पोराचं लिवलंस का?"