फोनला सेन्सर जोडताना जीपीएसची संवेदनशीलता कशी राखावी

फोनला एखादा जादा सेन्सर जोडायचे ठरले, मग तो हवेतील धूळ मोजणारा असो, उष्णतेचे चित्र घेणारा असो की वायुदाब सांगणारा, तर पहिला विचार जागेचा, बॅटरीचा आणि सॉफ्टवेअरचा होतो. उपग्रहांवरून स्थान ठरवणाऱ्या रिसीव्हरची आठवण बहुधा सगळे जुळवून झाल्यावर येते. माझ्या मते ती सर्वांत आधी यायला हवी, कारण सेन्सरच्या क्लॉकची, म्हणजे त्याला ठेका देणाऱ्या ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या विद्युत लहरीची, निवड आणि त्याची बोर्डवरची जागा एकदा ठरली की नंतर करण्यासारखे फार थोडे उरते. योग्य आखणी केली तर हे साधते, याविषयी शंका नको. २०१८ मध्ये आलेल्या कॅट एस६१ या फोनमध्ये थर्मल कॅमेरा, लेझरने अंतर मोजण्याची सोय आणि हवेची गुणवत्ता दाखवणारा सेन्सर हे तिन्ही एकत्र होते.

अडचण नेमकी कुठे आहे हे समजण्यासाठी सिग्नल किती क्षीण असतो ते पाहावे लागते. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत आणि उघड्या आकाशाखाली त्यांचा सिग्नल उणे १३० डीबीएमच्या (शक्ती मोजण्याचे एकक; आकडा जितका उणे, तितका सिग्नल क्षीण) आसपास पोहोचतो. त्याच सिग्नलच्या साधारण २ मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात केवळ उष्णतेमुळे असणारा नॉइज, म्हणजे नको असलेला विद्युत गोंगाट, उणे १११ डीबीएम भरतो, म्हणजे सिग्नल नॉइजपेक्षा जवळपास ८० पट कमजोर असतो. उपग्रहाचा कोड रिसीव्हरला आधीच माहीत असल्यामुळे तो त्याच्याशी जुळवून हा सिग्नल वर काढतो. भर बाजारात आपल्या नावाची हाक ओळखू यावी, तसे हे आहे. त्यामुळे सेन्सरने आकाश झाकण्याची गरजच नसते. त्याच्या सर्किटमधून त्या पट्ट्यात थोडासा नॉइज जरी पडला, तरी तो उपग्रहाच्या सिग्नलपुढे प्रचंड ठरतो.

हा नॉइज मुख्यतः क्लॉकमधून येतो. सेन्सरचे क्लॉक काही मेगाहर्ट्झचेच असले, तरी त्याच्या कडा तीव्र असल्यामुळे त्याच्या पटीतल्या फ्रिक्वेन्सी, म्हणजे हार्मोनिक, फार वरपर्यंत पोहोचतात. कॅमेरा मॉड्यूलला नेहमी दिले जाणारे २४ मेगाहर्ट्झचे क्लॉक घ्या. त्याची ४९वी पट ११७६ मेगाहर्ट्झ येते आणि जीपीएसचा एल५ नावाचा सिग्नल ११७६.४५ वर आहे; भारताच्या नॅव्हिक या उपग्रह प्रणालीचाही एक सिग्नल तिथेच आहे. ६५वी पट १५६० येते, आणि चीनच्या बैदू प्रणालीचा बी१आय सिग्नल १५६१.०९८ वर केंद्रित असल्यामुळे ती थेट त्याच्या पट्ट्यात पडते. आदर्श चौकोनी लहरीत विषम पटीच असतात, आणि ४९ व ६५ या दोन्ही विषम आहेत, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. मग १६ मेगाहर्ट्झचे क्लॉक घ्यावे, तर त्याच्या ९८व्या आणि ९९व्या पटी १५६८ आणि १५८४ येतात, त्यामुळे १५७५.४२ वरचा जीपीएसचा मुख्य सिग्नल एल१ सुटतो. पण प्रत्यक्षातली लहर आदर्श नसल्याने सम पटीही येतात, आणि १००वी पट १६०० रशियाच्या ग्लोनास प्रणालीच्या चॅनेलांमध्ये जाऊन पडते. शिवाय एल५चा पट्टा सुमारे २० मेगाहर्ट्झ रुंद असल्यामुळे त्याहून कमी फ्रिक्वेन्सीच्या प्रत्येक क्लॉकची निदान एक पट त्यात येणारच. एल५चा कोड एल१वरच्या सर्वसामान्य वापराच्या (सी/ए) कोडपेक्षा दहापट वेगवान असल्याने एकाच फ्रिक्वेन्सीच्या अशा टोनपुढे तो अधिक चांगला टिकाव धरतो, हा त्यातला दिलासा. थोडक्यात, पूर्णपणे निरुपद्रवी क्लॉक शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा कोणती पट कुठे पडते याचा तक्ता सुरुवातीलाच करावा आणि ज्या सिग्नलवर आपली भिस्त आहे तो मोकळा राहील असे पाहावे.

अँटेनाबाबत थोडेच सांगतो. एल१ची तरंगलांबी १९ सेंटिमीटर आहे आणि फोनमधली अँटेना त्यामानाने खूपच लहान असल्यामुळे शेजारी धातूचे आवरण किंवा लांब वायर आली की तिची जुळणी बिघडते. बहुतेक फोनमध्ये ती वरच्या भागात असते, म्हणून सेन्सर आणि त्याची फ्लेक्स केबल (वाकणारी चपटी केबल) खालच्या बाजूला ठेवणे चांगले.

जागा ठरल्यावर वायरींकडे वळावे. डेटा आणि क्लॉकच्या रेषांवर उगमाजवळ २२ ते ३३ ओहमचा रेझिस्टर दिला की कडा सौम्य होतात आणि वरच्या पटी लक्षणीय उतरतात. माझ्या मते इतक्या कमी खर्चात इतका फायदा देणारा दुसरा उपाय नाही. केबलमध्ये प्रत्येक वेगवान रेषेशेजारी ग्राउंडची रेष असावी. सेन्सरचा पुरवठा सतत चालू-बंद होत व्होल्टेज बदलणाऱ्या स्विचिंग कन्व्हर्टरऐवजी तसे न करणाऱ्या लिनिअर रेग्युलेटरवरून द्यावा आणि कपॅसिटर पिनला अगदी चिकटून बसवावेत. धूळ मोजणाऱ्या सेन्सरमध्ये हवा ओढणारा पंखा असतो. त्याच्या मोटरचा पुरवठा वेगळा करून त्यात फेराइट बीड (वरच्या फ्रिक्वेन्सीचा नॉइज अडवणारा छोटा भाग) घालावा. शिल्डचा, म्हणजे नॉइज अडवणारा धातूचा, डबा शेवटी बसवावा, आणि त्याचे ग्राउंड सर्व बाजूंनी नीट जोडलेले नसेल तर तोच एक नको असलेली अँटेना बनतो हे ध्यानात ठेवावे.

हे सारे जमले की नाही, हे नकाशावरच्या निळ्या ठिपक्यावरून कधीही ठरवू नये. फोन वाय-फाय आणि मोबाइल टॉवर यांच्या आधाराने ठिपका जागेवर ठेवतो, त्यामुळे नुकसान झाकले जाते आणि दाट झाडीत किंवा दरीत गेल्यावरच उघडे पडते. पाहायचा असतो तो प्रत्येक उपग्रहाचा सी/एन० आकडा, म्हणजे नॉइजच्या तुलनेत सिग्नल किती जोरदार आहे ते. उघड्या आकाशाखाली तो ४५ डीबी-हर्ट्झच्या आसपास असतो. ३० च्या खाली सिग्नल कमजोर समजावा. फोन एकाच जागी ठेवून सेन्सर मिनिटभर चालू, मिनिटभर बंद असे आलटून पालटून करावे आणि त्याच उपग्रहांचे आकडे शेजारी शेजारी मांडावेत. सेन्सर चालू होताच सगळ्यांचे आकडे एकदम ३ डेसिबलने खाली आले, तर नॉइज दुप्पट झाला असे समजावे. एकाच प्रणालीचे खाली आले, तर बहुधा एखादी पट तिच्या पट्ट्यात पडलेली असते आणि मघाचा तक्ता तिचे नाव सांगतो. बोर्डमध्ये बदल केल्यावर दुसऱ्या दिवशी तुलना करायची असेल, तर आदल्या दिवसापेक्षा सुमारे ४ मिनिटे आधी मोजमाप सुरू करावे, कारण जीपीएसचे उपग्रह त्या वेळी आकाशात जवळपास त्याच जागी असतात.

एवढे करूनही थोडा नॉइज उरतोच, आणि तिथे सॉफ्टवेअर उपयोगी पडते. स्थान प्रथम शोधताना रिसीव्हरला प्रत्येक उपग्रहाच्या कक्षेची माहिती सेकंदाला ५० बिट या संथ गतीने वाचावी लागते. इंटरनेटवरून ती मिळाली नाही, तर हा टप्पा निदान १८ सेकंद चालतो आणि माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा येत असल्याने एखादा बिट चुकला की पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते. पकडलेला सिग्नल धरून ठेवण्यापेक्षा हे वाचन अधिक नाजूक असते. म्हणून पहिले स्थान मिळेपर्यंत सेन्सरचे क्लॉक पूर्ण बंद ठेवावे आणि त्यानंतरच त्याची मोजमापे, तीही छोट्या छोट्या तुकड्यांत, सुरू करावीत. हवेची धूळ किंवा वायुदाब त्या अर्ध्या मिनिटात फारसे बदलत नाहीत.